पुढच्यासाठी लाकूड

वारा पूर्वेचा झाला तसा एनॉक खिडकीपाशी गेला, तिथून दाराशी आला, दार किलकिलं करून बाहेर डोकावला आणि घरातली निम्मी ऊब बाहेर घालवून पुन्हा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"एक तर दार लाव, नाहीतर बाहेर तरी जा," व्हायोला म्हणाली. ती तळायच्या पावांचं पीठ मळत होती. "मामंजी यायच्या आत घराचा बर्फ करून ठेवशील."

मामंजी म्हणजे तिचा आठ महिन्यांचा नातू. एनॉकचा बाप, म्हणजे व्हायोलाचा सासरा, दोन हिवाळ्यांपूर्वी वारला, आणि त्यानंतर घरात जन्मलेल्या पहिल्या मुलाला त्याचं नाव मिळालं, काव्हिक. नाव आलं की माणूस आला, अशी इथली रीत. तेव्हापासून व्हायोला त्या दुपट्यातल्या गोळ्याला मामंजी म्हणे, त्याच्यासमोर आवाज चढवत नसे, आणि त्याने लंगोट भिजवला की "मामंजी, म्हातारपण आलं हो" म्हणून हसे. एनॉक बापाला आपा म्हणायचा, आता नातवाला आपा म्हणत होता. त्यात त्याला काही वेगळं वाटत नव्हतं. उलट बापाशी जे बोलायचं राहून गेलं होतं ते या आपाशी बोलणं सोपं जात होतं, कारण हा आपा उलटून बोलत नव्हता.

आज हे आपा पहिल्यांदाच आपल्या गावाला यायला निघाले होते. लेक लॉर्ना आणि जावई डेझमंड त्याला घेऊन नदीकाठच्या त्यांच्या गावाहून सकाळी स्नो-मशीनवर निघाले होते. मशीनमागे एनॉकच्या बापाची स्लेज होती. म्हाताऱ्याने स्वतः तासलेली, एकही खिळा नसलेली, सीलच्या कातड्याच्या वाद्यांनी बांधलेली. एनॉक ती कुणाला हात लावू देत नसे. पण नातू झाला तेव्हा मालकच परत आला म्हणून त्याने ती जावयाकडे धाडली होती. सोबत तासभर उपदेशही धाडला होता: उन्हात ठेवू नकोस, वाद्या दर महिन्याला बघ, त्यावर इंधनाचे डबे लादू नकोस. डेझमंडने मुकाट ऐकून घेतलं होतं. ऐकून घेण्यात त्याचा हातखंडा होता, सासराच तसा मिळाला होता.

त्यांच्या वाटेवर नदीची झाडी संपली की उघडा माळ लागतो आणि माळ संपला की समुद्रकिनारा. माळ आणि किनारा भेटतात तिथे एक केबिन आहे. एकच खोली, दोन माचे, एक लोखंडी शेगडी, दाराला कुलूप नाही. वाटेत वाऱ्याने गाठलं तर जीव वाचवायला हीच जागा. तिची रीत एकच: जो निघतो त्याने पुढच्यासाठी शेगडी लावून ठेवायची. तळाला चाकूने सोललेल्या ढलप्या, वर काटक्या, खोक्यात फोडलेलं लाकूड, डब्यात कोरडी काड्यापेटी. येणाऱ्याची बोटं गोठलेली असतात, त्याला एका काडीत जाळ मिळाला पाहिजे.

ही रीत एनॉकइतकी कुणी पाळली नव्हती आणि एनॉकइतकी कुणी दुसऱ्यांना ऐकवली नव्हती. केबिन बांधायला तो बापाबरोबर होता. मागच्या हिवाळ्यात त्याला तिथलं खोकं रिकामं सापडलं, तेव्हा गावात परतल्यावर अंगातला जाड पार्कासुद्धा न काढता तो रेडिओवर बसला होता. दोन्ही गावं एकाच चॅनेलवर बोलतात, घराघरात तो चॅनेल दिवसभर चालू असतो. "कोण तो आळशी? आईने बर्फात जन्म दिला नाही वाटतं! माणसं मारायची आहेत का?" असं त्याने सगळ्यांना ऐकवलं. शेवटी रेडिओवर एक बारीक आवाज आला होता, "मामा, तो मीच." नव्या जावयाचा. दोन्ही गावं आठवडाभर हसली.

आणि परवा एनॉक त्याच केबिनमध्ये होता.

शिकारीला कॅरिबू हरणाच्या मागे गेला होता, कॅरिबू मिळाला नाही, पाय मात्र भिजले. केबिनमध्ये शिरला, शेगडी पेटवली, मोजे वाळत घातले, चहा केला. मग आणखी चहा केला. एकटाच होता, ऊब चांगली लागत होती, त्याने खोक्यातलं लाकूड एकेक करत सगळं आत घातलं. वाहून आलेले ओंडके खाली किनाऱ्यावर होते, पण वर बर्फ कडक झालेला. खणून काढायचे, फोडायचे, वर आणायचे. आणि संध्याकाळी गावात शाळेच्या मुलींचा बास्केटबॉलचा सामना होता, पुतणी खेळणार होती. उद्या मशीनला बोजा बांधून घरचंच लाकूड आणून टाकतो, असं त्याने स्वतःला सांगितलं. लॉर्ना परवा येणार, त्याच्या आत होऊन जाईल.

सामना आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी मशीनचा पट्टा तुटला, तो बदलता बदलता शेजारचा ऑर्विल आला, त्याच्याबरोबर सामना पुन्हा एकदा पहिल्यापासून बोलून झाला, आणि अंधार पडला. बस, एवढंच झालं होतं. यात कुठे गुन्हा दिसत नव्हता. पण आज वारा पूर्वेचा झाला होता, आणि पूर्वेचा वारा माळावरचा सगळा बर्फ उचलून हवेत धरतो.

दुपारी रेडिओ खरखरला. डेझमंडचा आवाज होता.

"शेवटच्या झाडांपाशी पोचलोय. चहा चाललाय. इथे हवा छान आहे, पुढे जरा धुरकट दिसतंय. निघतोच आता."

एनॉकने झडप घालून माइक उचलला. बटण दाबलं, आणि त्याच्या लक्षात आलं की दोन्ही गावं ऐकताहेत. ऑर्विल ऐकतोय. शोधपथकाची बर्निस ऐकतेय. ज्या बायका गेल्या वर्षी पोट धरून हसल्या त्या सगळ्या ऐकताहेत.

"डेझमंड," तो म्हणाला, "तिथून थोडं लाकूड घे बरोबर."

"लाकूड कशाला मामा?"

"घे म्हणतो ना. असू दे."

"अहो, तुम्ही परवाच केबिनमध्ये होतात ना? मग तिथे छपरापर्यंत लाकूड असणार! रिकामं सापडलं तर मीच रेडिओवर येऊन ओरडतो, चालेल?" मागे लॉर्नाचं हसणं ऐकू आलं. आणखी कुणीतरी आपल्या घरातून बटण दाबून फिदीफिदी हसलं. "शिवाय स्लेजवर जागा कुठाय? तुमच्या वडिलांचा सगळा संसार लादलाय. दुपटी, डबे, पाळणा."

हीच वेळ होती. 'केबिनमध्ये लाकूड नाही, मी संपवलं' एवढंच म्हणायचं होतं. एनॉकच्या अंगठ्याखाली बटण दाबलेलं होतं, चॅनेल मोकळा होता, दोन्ही गावं ऐकत होती.

"बरं," एनॉक म्हणाला. "सांभाळून या."

त्याने माइक ठेवला आणि व्हायोलाकडे पाठ करून उभा राहिला. ते धावत येतील, त्याने मनात म्हटलं. वाऱ्याच्या आत किनारा गाठतील, केबिनकडे बघणारसुद्धा नाहीत.

उजेड संपायच्या आत समोरचं घर दिसेनासं झालं. मग अंगणातला मासे वाळवायचा मांडव दिसेना. मग खिडकीत नुसतं पांढरं भरून राहिलं, आणि घर तळापासून गुरगुरायला लागलं. एनॉक बसला, उठला, चहा ओतला, प्याला नाही. व्हायोलाने ताटलीत वाळवलेला मासा आणि सीलचं तेल ठेवलं, त्याने एक तुकडा बुडवला आणि तसाच धरून राहिला, तेल कोपरापर्यंत ओघळलं.

रेडिओवर बर्निस बोलत होती. शोधपथकाचं तीच बघते, आणि तिच्या आवाजात कधी घाई नसते. "डेझमंड उत्तर देत नाही. वाऱ्यात त्याचा हातातला रेडिओ पोचत नसणार. पोरगा शहाणा आहे, केबिनमध्ये थांबला असेल. कुणी बाहेर पडू नका. वाट दाखवणारे खुंट दिसत नाहीत. ऐकलंत ना सगळ्यांनी? केबिनमध्ये ते सुखरूप आहेत."

"ऐकलंस?" व्हायोला म्हणाली. तिने सुस्कारा सोडला. "मामंजी आता शेगडीपाशी पाय पसरून झोपले असतील. नशीब तू परवाच तिथे होतास. लाकूड भरपूर ठेवलंयस ना?"

"हं."

"मग येरझाऱ्या का घालतोयस? जमिनीला भोक पडेल."

एनॉक बाहेरच्या पडवीत गेला. तिथे लाकूड रचलेलं होतं, घरचं, कोरडं, उन्हाळ्यात स्वतः फोडलेलं. तो ते हातात घेऊन पोत्यात भरायला लागला. एक पोतं भरलं, दुसरं घेतलं. लाकडं हातातून निसटत होती आणि तो त्यांना शिव्या देत होता, लाकडांचा काही दोष नसताना. त्या खोलीतली थंडी त्याला माहीत होती. शेगडी नसेल तर केबिन म्हणजे नुसती पेटी, वारा लागत नाही एवढंच. मोठी माणसं काढतील रात्र. आठ महिन्यांचं पोर कसं काढेल?

"कुठे निघालास?"

व्हायोला दारात उभी होती, हात पिठाने बरबटलेले.

"केबिनवर."

"बर्निसने सांगितलं ना, ते सुखरूप..."

"तिथे लाकूड नाही, व्हायोला." तो पोत्याकडे बघत बोलला. "एक ढलपी नाही. मी सगळं जाळलं आणि तसाच आलो. सामन्यासाठी."

 व्हायोलाच्या बोटावरून पिठाचा एक गोळा सुटून खाली पडला. चाळीस वर्षांत तिने नवऱ्याला पुष्कळ झापलं होतं, बुटांवरून, मशीनवरून, त्याच्या जिभेवरून. आता ती झापत नव्हती, आणि एनॉकला ते सोसेना.

"दुपारी तो झाडांपाशी होता," ती शेवटी म्हणाली. "झाडांपाशी होता तो, एनॉक. तुझ्या हातात माइक होता."

"हो."

"का नाही बोललास?"

"लाज वाटली."

"मग आता वाटू दे," व्हायोला म्हणाली. "चल. सगळ्यांसमोर बोल. एकटा गेलास तर उद्या दोन दोन ठिकाणी शोधावं लागेल. बर्निस माणसं देणार नाही, कारण तिला वाटतंय ते ऊबेत आहेत. तिला सांग, नाहीत म्हणून."

एनॉकने माइक उचलला. त्याने बटण दाबलं.

"बर्निस, मी एनॉक. केबिनमध्ये लाकूड नाही. परवा मीच संपवलं आणि भरलं नाही. दुपारी डेझमंडला सांगायला हवं होतं, तेही सांगितलं नाही. ते थंडीत आहेत. पोर थंडीत आहे."

चॅनेलवर कुणी हसलं नाही.  एनॉक वाट बघत होता की कुणीतरी हसेल, टोमणा मारेल, निदान आईचा उद्धार करेल. नुसती खरखर येत राहिली.

मग ऑर्विल म्हणाला, "माझ्या मशीनची टाकी भरलेली आहे. मी येतो."

"वारा पडल्याशिवाय कुणी हलणार नाही," बर्निस म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी तुटलं होतं. "एक खुंट दिसला की लगेच निघा. तोवर लाकूड बांधून ठेवा. आणि एनॉक, घरात बस. तुला शोधायला मला माणसं नाहीत."

ती रात्र एनॉकने पार्का घालून, बूट घालून, दाराशेजारच्या खुर्चीवर काढली. व्हायोला समोर बसून होती. ती मधूनच म्हणायची, "लॉर्ना त्याला पार्काच्या आत पाठीशी घेईल," आणि तो म्हणायचा, "घेईल." एवढंच बोलणं झालं.

उजाडायच्या आधी गुरगुर ओसरली. पहिला खुंट दिसला तेव्हा ऑर्विलचं मशीन दारात घरघरत होतं.

वाटभर एनॉक पुढे होता. नव्या बर्फाचे उंच ढीग झाले होते, मशीन आदळत होतं, पाठ मोडून निघत होती, आणि त्याला आणखी जोरात जायचं होतं. तो मनातल्या मनात बापाशी भांडत होता. तू बांधलीस ना ती केबिन? मग सांभाळ की. तुझंच नाव आहे त्याला. मग लगेच त्याला वाटायचं, आपण कुणाला सुनावतोय, आणि तो ॲक्सेलरेटर आणखी दाबायचा.

किनाऱ्याचं वळण घेतल्यावर केबिन दिसली. दार बर्फात अर्धं गाडलेलं होतं. आणि धुराड्यातून धूर येत होता. पातळ, निळसर, पण धूर.

एनॉकने मशीन थांबवलं, उतरला आणि गुडघे टेकून बसून राहिला. ऑर्विलने त्याला बखोटीला धरून उठवलं. "ऊठ. रडायचं तर आत रड, इथे डोळे गोठतील."

डेझमंडचं मशीन भिंतीशी होतं, बर्फाने झाकलेलं. त्याच्या मागे स्लेज नव्हती. एनॉकने आजूबाजूला पाहिलं. भिंतीला टेकवून दोन लांब लोखंडी पट्ट्या उभ्या होत्या, स्लेजच्या तळाला असतात त्या. खाली कातड्याच्या वाद्या नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. बाकी काही नव्हतं.

त्याने दार ढकललं.

खोलीत ऊब होती. लॉर्ना माच्यावर बसली होती, पार्काच्या गळ्यातून काव्हिकचं डोकं बाहेर आलेलं. पोर जागं होतं, गाल लालबुंद होते, आणि ते कातड्याच्या एका वादीचं टोक चोखत होतं. डेझमंड शेगडीपुढे उकिडवा होता. सासऱ्याला पाहताच तो ताडकन उठला, टोपी काढली आणि एका दमात बोलायला लागला.

"मामा, आधी ऐकून घ्या. मला माहीत आहे ती कुणाची होती. माझा इलाज नव्हता. खोकं रिकामं होतं. खाली किनाऱ्यावर जायला बघितलं, पण दारातून माझाच हात मला दिसेना. मी नवी करून देईन. तशी नाही होणार, पण करून देईन. वाद्या राखल्यात. पट्ट्या राखल्यात. फक्त लाकूड..."

"मी म्हणत होते माचे फोड," लॉर्ना म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "ऐकेल तर शपथ. म्हणे माचे सगळ्यांचे आहेत, स्लेज आपली आहे. आणि बाबा, तो जो कोण केबिन अशी सोडून गेला ना, तो मला सापडू दे. रेडिओवर नाही, समोर सापडू दे. मी त्याची..."

"मीच तो," एनॉक म्हणाला.

लॉर्नाने पोराला आणखी घट्ट धरलं.

"तीन दिवसांपूर्वी मी जाळलं सगळं. आणि काल डेझमंड झाडांपाशी होता तेव्हा मला माहीत होतं. गाव हसेल म्हणून बोललो नाही." त्याने टोपी काढली. "काल रात्री सगळ्यांना सांगितलं. तुमच्यापर्यंत पोचलं नाही."

शेगडीत काहीतरी तडकलं. ऑर्विल दारात लाकडाचं पोतं घेऊन उभा होता, त्याला आत यावं की बाहेर जावं कळेना.

लॉर्नाने बापाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. "काव्हिक सारखा रडत होता, बाबा," ती म्हणाली. "मग रडायचा थांबला, तेव्हा मी जास्त घाबरले. तेव्हा डेझमंडने कुऱ्हाड काढली."

 डेझमंडलाच एनॉकची दया आली असावी. तो ऑर्विलकडे वळला, पोतं घेतलं, लाकूड खोक्यात रचायला लागला. तेव्हा एनॉकला शेगडीशेजारचा कॉफीचा जुना डबा दिसला. त्यात ढलप्या होत्या, बारीक, कुरळ्या, एकसारख्या सोललेल्या. बाजूला हातभर लांबीचा एक आडवा दांडा, आणि त्यावर काड्यापेटी.

"हे काय?"

डेझमंड ओशाळला. "स्लेजचा शेवटचा दांडा. पहाटे वारा पडला, म्हटलं आता निभेल. पुढचा येईल त्याला."

"थंडीने दात वाजत होते आणि हा चाकू घेऊन ढलप्या सोलत बसला," लॉर्ना म्हणाली. "मी म्हटलं टाक की तोही आत. तर म्हणतो, नको, रिकामी ठेवली तर तुझे बाबा ओरडतील."

ऑर्विलने खाली मान घातली. एनॉकने दांडा उचलला. त्यावर बापाच्या चाकूच्या खुणा होत्या, एका बाजूने जरा जास्त तासलेला, कारण म्हाताऱ्याचा डावा हात जड होता. एनॉकला हा दांडा डोळे मिटूनही ओळखता आला असता. लहानपणी स्लेजवर बसून तो यालाच धरायचा.

"तो घरी न्या मामा," डेझमंड हळूच म्हणाला. "आता लाकूड आलंय. आठवण म्हणून ठेवा."

एनॉकला तो न्यायचा होता. छातीशी धरून न्यायचा होता. त्याने तो दोन्ही हातांत फिरवला, मग खिशातला चाकू काढला, शेगडीपुढे मांडी घातली आणि दांड्याच्या टोकाला पातं लावलं. पहिली ढलपी वळत वळत डब्यात पडली. मग दुसरी. कुणी त्याला थांबवलं नाही.

काव्हिक माच्यावरून टक लावून बघत होता. एनॉकने मान वर केली.

"बघतोयस काय आपा?" तो म्हणाला. "चुकलो. तुझी स्लेज गेली माझ्यामुळे."

पोराने तोंडातली वादी काढली, आजोबाकडे बघितलं आणि दोन दात दाखवून हसलं.

दांडा संपेपर्यंत एनॉक सोलत राहिला. मग निघायची वेळ झाली. डेझमंडने शेगडीतली राख काढली, एनॉकने तळाला त्या ढलप्या पसरल्या, वर काटक्या रचल्या, खोकं काठोकाठ भरलं, काड्यापेटी हलवून आवाज ऐकला आणि डब्यात ठेवली. सगळे बाहेर गेल्यावर त्याने पुन्हा आत येऊन एकदा बघितलं. मग दार ओढून घेतलं आणि खिटी लावली.